ओलोंगाच्या दंडावरची काळी पट्टी

(मिरजेत झालेल्या युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)



संयोजकांनी मला विषय दिला, 'खेळाडूंनी मानवी हक्कांवर बोलावं का?' मी त्यांना म्हटलं, मी खेळाडू नाही, वकील नाही. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधतो आणि रात्री माझ्या चुका दुसरे शोधतात. ते म्हणाले, क्रिकेट बघता ना? बघतो. मग झालं तर, या!

तर क्रिकेटपासूनच सुरू करू. हेन्री ओलोंगा हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा, मागे बसलेल्या चाळिशीतल्या मंडळींचेच हात वर आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसूही आहे. ते का हसतायत ते पुढे बसलेल्यांना सांगतो.

१३ नोव्हेंबर १९९८, शारजा. जुम्म्याचा दिवस. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत चाचांकडे रंगीत टीव्ही होता आणि पंचवीस-तीस माणसं त्या एका खोलीत. त्याच स्पर्धेतल्या आधीच्या सामन्यात झिम्बाब्वेच्या या ओलोंगाने सचिनला उसळत्या चेंडूवर बाद केलं होतं आणि आपण हरलो होतो. अंतिम सामन्यात सचिनने त्याचा हिशेब चुकता केला. नाबाद १२४, आणि आपण दहा विकेट्सनी जिंकलो. ओलोंगाच्या सहा षटकांत पन्नास धावा गेल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत कुणाची गोलंदाजी झोडली गेली की पोरं ओरडायची, 'ओलोंगा झाला रे!'

माझ्यासाठी ओलोंगा तेवढाच होता. सचिनने धुतलेला गोलंदाज. त्याने त्यानंतर काय केलं हे मला विशी उलटून गेल्यावर कळलं. आज मी बहुतेक वेळ त्याच्याबद्दलच बोलणार आहे, कारण आपल्या विषयातली सगळी गुंतागुंत त्या एका माणसाच्या गोष्टीत आहे.

हेन्री ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय क्रिकेटपटू. १९९५ साली, पाकिस्तानविरुद्ध, अठरा वर्षांचा असताना तो पहिली कसोटी खेळला. त्या देशात क्रिकेट हा गोऱ्यांचा खेळ होता, त्यामुळे ओलोंगाचं संघात असणं हीच मोठी बातमी होती. वाढला बुलावायोमध्ये. गायचाही छान. २००१ साली त्याने गायलेलं देशप्रेमाचं गाणं तिथे चांगलंच गाजलं, सरकारी टीव्हीवर वाजायचं. म्हणजे सरकारला आवडावा असाच मुलगा होता तो. काळा, हुशार, देशाचं गाणं गाणारा.

दुसरा माणूस अँडी फ्लॉवर. गोरा, झिम्बाब्वेचा आजवरचा सर्वोत्तम फलंदाज. नागपूरकरांना तो आठवत असेल. २००० साली नागपूरच्या कसोटीत त्याने आपल्या गोलंदाजांना दमवून नाबाद २३२ काढल्या होत्या.

त्या वर्षांत झिम्बाब्वेत रॉबर्ट मुगाबे यांचं सरकार होतं. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला नेता, सुरुवातीला जगभर मान होता. पण १९८०च्या दशकातच त्यांच्या सैन्याच्या एका तुकडीने माटाबेलेलँड भागात हजारो सामान्य लोक मारले होते आणि त्याबद्दल बोलायची बंदीच असल्यासारखी परिस्थिती होती. बुलावायो याच भागातलं मुख्य शहर. २००२च्या निवडणुकीत हिंसाचार झाला, विरोधकांना मारहाण झाली, शेतजमिनी हिंसेने ताब्यात घेतल्या गेल्या, लोकांना धान्य मिळेना. आणि नेमका २००३चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेबरोबर झिम्बाब्वेतही होता. जगाचे कॅमेरे हरारेत येणार होते.

फ्लॉवरला एका मित्राने विचारलं की अशा परिस्थितीत तुम्ही नुसते खेळणार का? त्याने ते मनावर घेतलं. डेव्हिड कोल्टार्ट नावाचे मानवी हक्कांचे काम करणारे वकील आणि खासदार होते, त्यांच्याकडे गेला. तिथे ठरलं की हे एकट्या गोऱ्या खेळाडूने करायचं नाही. एकटा केला तर सरकार म्हणेल, बघा, गोऱ्यांना जुने दिवस परत हवेत. म्हणून फ्लॉवर ओलोंगाकडे गेला.

१० फेब्रुवारी २००३. हरारे, नामिबियाविरुद्धचा सामना. खेळ सुरू होण्याआधी पत्रकारांच्या हातात दोघांच्या सहीचं निवेदन पडलं. आमच्या प्रिय देशात लोकशाही मेली आहे, तिच्यासाठी आम्ही काळ्या फिती बांधून दुखवटा पाळतो आहोत, असा त्याचा आशय. हक्कांची पायमल्ली थांबवा अशी विनवणी त्यात होती. शिवी नाही, घोषणा नाही. फ्लॉवर फलंदाजीला उतरला तेव्हा दंडावर काळी पट्टी. ओलोंगा बाल्कनीत बसलेला, त्याच्याही दंडावर काळी पट्टी. त्या दिवशी झिम्बाब्वेच्या क्रेग विशार्टने नाबाद १७२ केल्या, पण त्या सामन्याचं नाव काढलं की कुणीही त्या १७२ बद्दल बोलत नाही. बिचारा विशार्ट.

आता पुढचं नीट ऐका. दोघांनी एकच कृती केली, एकाच दिवशी, एकाच कागदावर सही करून. किंमत मात्र सारखी नव्हती.

फ्लॉवर चौतीस वर्षांचा होता. कारकीर्द होऊन गेलेली, इंग्लंडमध्ये एसेक्स काउंटीशी करार. त्यालाही देश सोडावा लागला, ते लहान दुःख नाही. पण पुढे तो इंग्लंडच्या संघाचा प्रशिक्षक झाला, जगभर नाव झालं.

ओलोंगा सव्वीस वर्षांचा. वेगवान गोलंदाजाची खरी वर्षं तीच. त्याला संघातून बसवलं. त्याच्या क्लबनेही त्याला दूर केलं. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, देशद्रोहाचा खटला भरण्याची भाषा झाली, आणि त्या देशात देशद्रोहाला फाशीची शिक्षा होती. माहितीमंत्र्याने म्हटलं की याची कातडी काळी आहे पण मुखवटा गोरा आहे. हे फ्लॉवरला कुणी म्हणू शकत नव्हतं! फ्लॉवर त्यांच्या लेखी फार तर परका होता. ओलोंगा गद्दार ठरला. संघाचा शेवटचा सामना दक्षिण आफ्रिकेत होता, ओलोंगा तिथूनच परत गेला नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली, इंग्लंडला गेला, बऱ्याच वर्षांनी ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. क्रिकेट संपलं. २०१९ मध्ये तिथल्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तो गायला तेव्हा अर्ध्या जगाला कळलं की अरे, हा तो ओलोंगा.

जो समाज आधीच संशयाच्या नजरेखाली असतो, त्यातला माणूस बोलला की त्याच्यावर 'गद्दार' हा शिक्का आधीपासून तयार असतो. नुसता मारायचा असतो. इथे बसलेल्या कुणाला हे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून 'खेळाडूंनी बोलावं का' या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, पण त्या 'हो'ला एक पुरवणी आहे. जबाबदारी सगळ्यांची सारखी नसते. ज्याचं नुकसान कमी होणार आहे त्याच्यावर ती जास्त असते. आमच्या धंद्यात लोड बॅलन्सर नावाची चीज असते. सगळा भार एकाच सर्व्हरवर पडू द्यायचा नाही, ज्याला झेपेल त्याच्याकडे वळवायचा, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. जो सर्व्हर आधीच धापा टाकतोय त्याच्यावरच आपण आणखी भार टाकतो. फ्लॉवरबद्दल मला आदर यासाठी आहे की बोलायचं त्याने आधी ठरवलं. ओलोंगाने बोलावं आणि मी मागून टाळ्या वाजवीन, असं तो म्हणाला नाही.

कुणी म्हणेल, खेळात राजकारण कशाला? हे वाक्य तर आपल्या मुंबईत अजिबातच चालणार नाही. जिथे हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ पाडून क्रिकेट खेळलं गेलं, तिथे राजकारण खेळाच्या बाहेर होतं कधी? त्याच क्रिकेटमध्ये पळवणकर बाळू हा दलित घरातला डावखुरा गोलंदाज. हिंदू संघाला त्याने सामने जिंकून दिले, पण कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. १९२० साली त्याला डावललं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच हिंदू संघाचा कर्णधार झाला. खेळाडूंनी तोंड उघडलं नसतं तर तो झाला असता का, तुम्हीच विचार करा.

आता आपल्या काळात येऊ. २४ ऑक्टोबर २०२१, दुबई. विश्वचषकात पाकिस्तानने आपल्याला दहा विकेट्सनी हरवलं. दहाच्या दहा विकेट्स, शारजासारख्या, फक्त आता बाजू उलटी. अकरा जण हरले होते. एकाही गोलंदाजाला विकेट मिळाली नव्हती. पण रात्रीतून एकट्या मोहम्मद शमीच्या इन्स्टाग्रामवर काय काय लिहिलं गेलं ते तुम्हाला आठवत असेल. मी ते इथे परत बोलणार नाही.

त्या सामन्याची एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी तर. खेळ सुरू होण्याआधी आपल्या संघाने गुडघा टेकला होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध. संघ व्यवस्थापनाकडून तसं सांगण्यात आलं होतं, असं कोहलीने नंतर सांगितलं. मला ते चुकीचं वाटलं नाही. चांगलंच होतं. पण चार तासांनी अन्याय आपल्याच ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन उभा राहिला. दूरच्या अन्यायासाठी टेकलेला गुडघा जवळच्यासाठी टेकतो का, असा तो प्रसंग होता.

सचिनने, सेहवागने दुसऱ्याच दिवशी शमीच्या बाजूने लिहिलं. आणखीही काही जणांनी लिहिलं. त्याबद्दल शुक्रिया. पण शमीवर हल्ला त्याच्या धर्मामुळे होतोय, हे स्पष्ट शब्दांत म्हणायला ३० ऑक्टोबर उजाडावा लागला. न्यूझीलंडच्या सामन्याआधीची पत्रकार परिषद. कर्णधार विराट कोहली म्हणाला की धर्मावरून एखाद्यावर तुटून पडणं ही माणसाने करण्यासारखी सर्वात हीन गोष्ट आहे. आम्ही शमीच्या मागे पूर्णपणे उभे आहोत, असंही म्हणाला. त्यात 'पण' नव्हता, 'दोन्ही बाजूंनी' नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संघ पुन्हा हरला आणि कोहलीच्या दहा महिन्यांच्या मुलीबद्दल इंटरनेटवर अत्यंत घाणेरडी धमकी आली. मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एका तरुणाला पकडलं. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. माझ्या धंद्यातला, शिकलासवरलेला. पुढे कोहलीच्या बाजूने संमती मिळाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, ते ठीक झालं. त्या पोराच्या आयुष्याची वाट लागावी असं मलाही वाटत नाही. सांगायचं एवढंच की भारताच्या कर्णधाराला, देशातल्या सर्वात लाडक्या माणसाला, चार वाक्यांची ही किंमत मोजावी लागली. तीच चार वाक्यं शमीने बोलली असती तर काय झालं असतं?

आणि मी काय करत होतो? सांगतो.

आमच्या टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात बावीस जण, मुसलमान मी एकटा. सामना संपल्यावर साडेअकराच्या सुमारास एकाने शमीवर विनोद टाकला. कसला ते तुम्ही ओळखलं असेल. त्याखाली हसणारे चेहरे पडायला लागले. एक, दोन, पाच, सहा. मी मोबाइल हातात धरून बसलो होतो. टाइप केलं, पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. डोक्यात काय चाललं होतं? पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. विनोद टाकणारा माणूस वाईट नाही, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आला होता. मी बोललो तर लगेच 'तुला लागलं का?' असं होणार, आणि मग हसायचं की रडायचं. बायको शेजारी होती, तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, हरलो.

मग ग्रुपवर एक मेसेज आला. आमच्यातलाच एक, लातूरकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी ज्युनिअर. त्याने लिहिलं, 'हे विनोदी नाही. डिलीट कर.' एवढंच. दहा मिनिटांनी तो मेसेज डिलीट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही, कामाचं काम चालू राहिलं.

मी त्याला साधं थँक्यूही म्हटलं नाही. लाज वाटत होती. कशाची ते नीट सांगता येत नाही.

असाच एक प्रसंग मैदानातला आहे. जानेवारी २०२१, सिडनी. मोहम्मद सिराज त्याच्या पहिल्याच कसोटी मालिकेत खेळत होता. वडील दौऱ्याच्या सुरुवातीला वारले, तरी तो घरी न जाता तिथेच थांबला होता. सीमारेषेवर उभा असताना प्रेक्षकांतून त्याला वर्णद्वेषी शिव्या आल्या. सिराज थेट आपल्या कर्णधाराकडे गेला, अजिंक्य रहाणेकडे. अजिंक्य पंचांकडे गेला. खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. सिराजने नंतर सांगितलं की तुम्हाला हवं तर मैदान सोडू शकता, असं पंच म्हणाले होते. रहाणेने नाही म्हटलं. आमची चूक नाही, आम्ही खेळणार, जे शिव्या देतायत त्यांना बाहेर काढा. आपल्या मुंबईचा हा अबोल माणूस, एरवी ज्याच्या तोंडून दोन वाक्यं काढायला पत्रकारांना घाम फुटतो! त्याने काही भाषण केलं नाही. तो पोराच्या शेजारी उभा राहिला. मी बोलण्याची जबाबदारी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा हेच असतं. ट्वीट त्यानंतर.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावताय, कारण मी 'त्यांच्या'बद्दल बोलतोय. आता आपल्याबद्दल बोलतो. थोडं टोचेल.

शमीची परीक्षा फक्त ट्रोल घेतात असं नाही. आपणही घेतो. एक बाजू त्याला म्हणते, पाकिस्तानविरुद्ध विकेट काढून देशप्रेम सिद्ध कर. दुसऱ्या बाजूला आपण चहाच्या टपरीवर बसून म्हणतो, कोट्यवधी कमावतो, कौमसाठी एक शब्द बोलत नाही. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात, दुबईच्या उन्हात, रमजानमध्ये तो मैदानावर पाणी की एनर्जी ड्रिंक काहीतरी प्यायला. तेवढ्यावरून एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं आणि आपल्यातल्या किती जणांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला? मला स्वतःला चार ग्रुपवर आला. तो माणूस प्रवासात होता, दिवसभर गोलंदाजी करत होता, आणि रोजा हा त्याचा आणि त्याच्या अल्लाहचा मामला. एकाच माणसाला एक बाजू पुरेसा हिंदुस्थानी नाही म्हणते आणि दुसरी पुरेसा मुसलमान नाही. यात मानवी हक्क कुठे आले? ही निष्ठेची हजेरी आहे, आणि ती कुणीही मागितली तरी खेळाडूने देऊ नये.

दुसरी गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर उस्मान ख्वाजा पर्थला सरावासाठी उतरला तेव्हा त्याच्या बुटांवर दोन वाक्यं होती. स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे, आणि सगळ्यांच्या जिवाचं मोल सारखं आहे. रंग पॅलेस्टाइनच्या झेंड्याचे. गाझातली मुलं मरत होती. आयसीसीने सामन्यात ते बूट घालू दिले नाहीत. त्याने अक्षरांवर टेप चिकटवली आणि दंडाला काळी पट्टी बांधून खेळला. त्या पट्टीसाठीही त्याला ताकीद मिळाली. मग त्याने बॅटवर आणि बुटावर कबुतराचं चित्र लावायची परवानगी मागितली. सोबत फक्त मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमाचा आकडा. तीही नाकारली. शेवटी मेलबर्नच्या कसोटीत त्याने बुटांवर आपल्या दोन मुलींची नावं लिहिली, आयशा आणि आयला. आता मुलींच्या नावावर कोण हरकत घेणार! गुडघा टेकायला चालतं आणि कबुतर चालत नाही, हा नियम कुठून येतो ते आयसीसीलाच विचारायला हवं. एक लक्षात घ्या, त्याचा कर्णधार पॅट कमिन्स जाहीरपणे त्याच्या बाजूने बोलला. त्या वाक्यांत आक्षेपार्ह काही नाही, असं म्हणाला. इथेही शेजारी कुणीतरी होतं.

ख्वाजाचे बूट त्या आठवड्यात तुमच्या-माझ्या स्टेटसवर होते. माझ्याही होते. पण त्याच्या वर्षभर आधीचं सांगा. २१ नोव्हेंबर २०२२, कतारचा फुटबॉल विश्वचषक, इराण विरुद्ध इंग्लंड. इराणमध्ये महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी हिजाबच्या नियमावरून पोलिसांच्या ताब्यात असताना मेली होती. रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या चालत होत्या. राष्ट्रगीत लागलं आणि इराणचे अकरा खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. स्टेडियममधले इराणी प्रेक्षक रडत होते. चार दिवसांनी पुढच्या सामन्यात ते पुटपुटल्यासारखं गायले. त्या चार दिवसांत काय झालं असेल याचा अंदाज मी करू शकतो, तुम्हीही करा. त्या अकरा जणांचा फोटो आपल्यापैकी किती जणांनी स्टेटसला ठेवला होता? मी ठेवला नव्हता. मी स्वतःला म्हटलं की विषय नाजूक आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या त्या सहा हसणाऱ्या चेहऱ्यांनाही शमीचा विषय नाजूकच वाटला असेल, नाही का?

अन्याय करणारा कोण आहे हे बघून आपण आवाजाचं बटण फिरवत असू, तर मग कोहली सहा दिवस उशिरा का बोलला, हे विचारायचा आपल्याला काय अधिकार?

आणि २०२३चा उन्हाळा. विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतर मंतरवर बसले होते. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. त्यांनी ते नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. २८ मे रोजी पोलिसांनी या पैलवानांना रस्त्यावरून फरफटत उचललं. देशासाठी पदकं जिंकलेल्या पोरी! दोन दिवसांनी त्या पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या. नीरज चोप्रा, अभिनव बिंद्रा एप्रिलमध्येच बोलले होते. १९८३च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघाचं निवेदन २ जूनला आलं. खेळत असलेले बहुतेक मोठे क्रिकेटपटू मात्र गप्प राहिले. ज्यांना झेपलं असतं असे.

आपण तालमींच्या मुलखातले लोक आहोत. मिरज, सांगली, कोल्हापुरात तालमीच्या मातीत कोण हिंदू, कोण मुसलमान हे विचारायची रीत नव्हती. माझे नाना उरुसातल्या कुस्त्या बघायला आठ-आठ कोस चालत जायचे. तरी त्या उन्हाळ्यात आपल्या मोहल्ल्यांत त्या पोरींसाठी एखादी साधी सभा झाली का? मी विचारपूस केली. या भागात मला एकही सापडली नाही. झाली असेल तर चहाच्या वेळी मला सांगा, मला खरंच आनंद होईल. 'आपल्यावर आधीच इतकं चाललंय, आपण दुसऱ्यांसाठी कुठे बोलणार?' हे मी ऐकलं. हे वाक्य खोटं नाही. पण ओलोंगाही हे म्हणू शकला असता.

तुमच्यात कुणी जिल्हा पातळीवर खेळणारे आहेत, हे मला सकाळी कळलं. एक मुलगी राज्य पातळीवर कबड्डी खेळते. तिने मला विचारलं, मी काय बोलणार सर, मला संघातून काढतील. तिला मी सांगितलं, बेटा, तू आत्ता काही बोलू नकोस. खेळ. संघात एखाद्या मुलीला जातीवरून, रंगावरून, डोक्यावरच्या ओढणीवरून कुणी काही बोललं तर तिच्याजवळ जाऊन बस, एवढं तुझ्या हातात आहे. निवेदनं काढायची जबाबदारी तुझ्या प्रशिक्षकांची, तुझ्या असोसिएशनची आणि माझी. मी अडतिशीला आलोय, घराचे हप्ते बरेचसे फिटलेत, टीममध्ये सीनिअर आहे. मला आता झेपायला हवं.

त्या लातूरच्या मित्राचं राहिलं. गेल्या वर्षी त्याने कंपनी सोडली. निरोपाच्या जेवणानंतर आम्ही पार्किंगमध्ये उभे होतो. तीन वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारलं. म्हटलं, त्या रात्री ग्रुपवर तू लिहिलंस, तुला भीती नाही वाटली?

तो आधी आठवायला लागला, कुठली रात्र. मग म्हणाला, 'अरे हां. वाटली की. मला वाटलं तू लिहिशील. पंधरा-वीस मिनिटं वाट बघितली. मग लक्षात आलं की तू कसा लिहिणार. मग लिहिलं.'

मी म्हटलं, थँक्यू. तो म्हणाला, 'आता?' आणि हसत गाडीला किक मारली.

माझं एवढंच होतं. चहा आलेला दिसतोय. आधी चहा घेऊ, मग प्रश्न. आणि कबड्डीवालीला पहिला प्रश्न विचारू द्या.